अणुतेलाचे दोन थेंब आणि आठ वर्षांचं सायनस

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून आलेलं हे पत्र. लिहिणाऱ्या ताई 41 वर्षांच्या, घरची पीठ आणि मसाला कांडपाची गिरणी सांभाळतात. आठ वर्षांपासून नाक चोंदलेलं, घशात कफ उतरतो, कपाळ आणि गाल जड. गेल्या दोन वर्षांत वास हळूहळू गेला. मसाला पुरेसा भाजला का, हे आता दुसऱ्याला विचारावं लागतं. सीटी स्कॅनमध्ये दोन्हीकडच्या पोकळ्या भरलेल्या, नाकात पॉलिप म्हणजे मऊ वाढ, पडदा वाकडा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी स्टिरॉइडचा स्प्रे दिला आणि दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवलं. 'सवय लागते' म्हणून तो स्प्रे ताईंनी आठवड्यात सोडला, पण झोपताना नाक मोकळं करणारे थेंब वर्षभर रोज चालू आहेत. व्हिडिओ पाहून सहा महिने अणुतेलाचे, म्हणजे नाकात घालायच्या आयुर्वेदिक तेलाचे, दोन-दोन थेंब घेतले, जोडीला दुकानातून आणलेली त्रिभुवनकीर्ती, ही सर्दी-तापाची आयुर्वेदिक गोळी. फरक नाही. साखर काठावर आहे. मध्यंतरी डोकं दुखलं म्हणून दुखण्याची गोळी घेतली तर तासाभरात छाती भरून आली. सासूबाई म्हणतात, नाकाला कात्री लावू नका, आयुर्वेदाने मुळापासून जातं. ताईंचा प्रश्न: ऑपरेशन की आयुर्वेद, एकदाच काय ते सांगा.

ताई,

आधी त्या गोळीचं बोलू, कारण तुम्ही ते पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नाकात पॉलिप, छाती भरून येणं आणि तेही दुखण्याची गोळी घेतल्यावर, हे एकाच माणसात दिसलं तर योगायोग म्हणून सोडून द्यायचं नसतं. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या काही जणांना सोसत नाहीत. अशांना बहुतेक वेळा दमा असतो आणि त्यांचे पॉलिप काढले तरी पुन्हा उगवण्याची शक्यता जास्त असते. तुम्हाला तेच आहे असं मी पत्रावरून म्हणणार नाही. पण छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन फुंकून करायची तपासणी करून घ्या, गोळीचं नाव त्यांना दाखवा, आणि निकाल लागेपर्यंत यातली कुठलीच गोळी घेऊ नका. मेडिकलवाला 'ही चालेल' म्हणाला तरी नाही. डोकं दुखलं तर काय घ्यायचं, हे त्याच भेटीत विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट स्प्रेची. सवय लागते हे खरं आहे, पण ती तुम्ही सोडलेल्या स्प्रेची नाही, चालू ठेवलेल्या थेंबांची. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून दोन मिनिटांत नाक उघडतं. चार-पाच दिवसांपलीकडे रोज घातले की उतारा पडताच आतली त्वचा आधीपेक्षा जास्त सुजते आणि माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. तुमचं रात्रीचं चोंदणं निदान काही अंशी या थेंबांनीच वाढवलेलं असणार. उलट फ्लुटिकासोन, मोमेटासोन यांसारखे स्टिरॉइडचे स्प्रे हळू काम करतात, रक्तात फार थोडे उतरतात आणि अशी सवय लावत नाहीत. त्यांचा गुण दिसायला आठवडे लागतात. पॉलिप असतील तर दोन-तीन महिने नेमाने मारावे लागतात. तुम्ही आठवड्यात सोडलात, म्हणजे औषध खऱ्या अर्थाने घेतलंच गेलं नाही. ऑपरेशन की आयुर्वेद हे विचारताना या दोन्हींच्या आधीची पायरी सुटली, आणि ते कोणी तुम्हाला नीट समजावलं नाही.

आता आयुर्वेदाकडे येते. हा माझा स्वतःचा विषय आहे, मी शालाक्यतंत्राची, म्हणजे आयुर्वेदातल्या कान-नाक-घसा-डोळे या शाखेची, वैद्य आहे. त्यामुळे 'आयुर्वेद घेऊन बघितला, फरक नाही' हे तुमचं वाक्य मला लागलं. तुम्ही घेतलंत ते आयुर्वेदातलं एक औषध होतं. कोणत्या अवस्थेत, किती, कोणाच्या देखरेखीखाली, हे सगळं त्यातून गळालं होतं.

नाकातून औषध देणं म्हणजे नस्य, आणि दोन-दोन थेंबांच्या नस्याला प्रतिमर्श म्हणतात. ते निरोगी माणसाने रोज करावं, जन्मापासून मरेपर्यंत चालतं, असं वाग्भटाने अष्टांगहृदय या आपल्या जुन्या आयुर्वेदग्रंथात म्हटलंय. व्हिडिओवाले हा भाग आवर्जून सांगतात. त्याच अध्यायात त्याने लिहिलंय की दुष्ट पीनसात, म्हणजे जुनाट, बिघडलेल्या सर्दीत, प्रतिमर्श वापरू नये, कारण त्याची मात्रा फार कमी पडते. तुम्हाला जे सहा महिन्यांत जाणवलं ते त्याने आधीच सांगून ठेवलंय. त्यात पॉलिपने वाट अडलेली. तेल वरच्या पोकळ्यांपर्यंत जायचं सोडून नाकाच्या तळावरून सरळ घशात उतरतं. शिवाय नस्य कोणाला देऊ नये या वाग्भटाच्या यादीत नवी सर्दी झालेला, नुकता जेवलेला, डोक्यावरून अंघोळ केलेला, आणि श्वास-कास म्हणजे दमा-खोकला असलेला, असे सगळे आहेत. तुमची छाती भरते. तेव्हा छातीची तपासणी होऊन कोणी वैद्य प्रत्यक्ष बघेपर्यंत घरचं अणुतेल बंद ठेवा. तेल श्वासाबरोबर फुप्फुसात गेलं तर तिथे सूज येऊ शकते. वयस्कर माणसं आणि लहान मुलं यांच्या नाकात घरच्या घरी तेल ओतणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

त्रिभुवनकीर्तीबद्दल मला काळजी वाटते. आपल्याकडे ती सुंठीच्या गोळीसारखी घरोघर असते, सर्दी झाली की दोन-दोन. तिच्यात शुद्ध केलेला बचनाग, ही मुळात विषारी मुळी, आणि हिंगूळ असतात. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं खनिज. आपल्या औषध नियमांत अशा द्रव्यांची वेगळी अनुसूची आहे, 'ई-1', आणि अशा औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं अशी सूचना छापावी लागते. तुमच्या डबीवर बघा. ताप, नवं पडसं, अंग मोडून येणं यासाठी थोडे दिवस देण्याचं ते औषध आहे. महिनोन्‌महिने घेण्याचं नाही आणि जुनाट सायनसचं तर नाहीच. आजपासून थांबवा, आणि पुढच्या रक्ततपासणीत मूत्रपिंडाचं काम बघून घ्या. घाबरून जाऊ नका, पण तपासणी टाळू नका.

सासूबाईंच्या 'मुळापासून जातं' या म्हणण्याकडे मला थोडं सावकाश बघायचंय. त्यांची माया त्यात आहे आणि ऑपरेशनची भीती रास्त आहे. पण आपल्या ग्रंथांनी असं सरसकट वचन दिलेलं नाही. सुश्रुताने उत्तरतंत्रात दुष्ट प्रतिश्यायाचं, म्हणजे याच जुनाट, बिघडलेल्या पडशाचं वर्णन केलंय: नाक कधी ओलं तर कधी कोरडं, क्षणात चोंदतं क्षणात उघडतं, श्वासाला दुर्गंधी, वास कळत नाही. तुमचं पत्र वाचताना मला तेच आठवत होतं. आणि हा आजार कृच्छ्रसाध्य आहे, कष्टाने बरा होणारा आहे, असं तो स्पष्ट सांगतो. दुर्लक्ष केलेलं पडसं कालांतराने या वळणावर जातं आणि पुढे बहिरेपणा, वास जाणं, डोळ्यांचे घोर विकार, खोकला, अग्निमांद्य मागे लागतात, हेही त्याचंच निरीक्षण. डोळ्यांचा उल्लेख मला आजही थक्क करतो. सायनसचा संसर्ग डोळ्याच्या खोबणीत पसरतो तेव्हा दृष्टी जाऊ शकते. 2021 साली कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसमध्ये महाराष्ट्राने ते जवळून पाहिलंय.

आणि कात्रीचं म्हणाल तर, नाकातल्या वाढीला आयुर्वेदात नासार्श म्हणतात आणि तिच्यासाठी क्षार, अग्नी, शस्त्र हे सगळे उपाय सांगितलेले आहेत. नाकातलं अर्श (मोड) आणि अर्बुद (गाठ) बघण्यासाठी, त्यावर उपचार करण्यासाठी दोन अंगुळं लांब, तर्जनीइतकी जाड, एका छिद्राची नळी वाग्भटाने यंत्रांमध्ये वर्णिली आहे. म्हणजे नाकाच्या आत डोकावून बघणं ही आपलीच जुनी रीत. डॉक्टर दुर्बीण घालतात तेव्हा ते आयुर्वेदाच्या विरुद्ध काही करत नाहीत. नुसती नाडी बघून, नाकात एकदाही उजेड न टाकता तीन महिन्यांची औषधं बांधून देणाऱ्या वैद्याकडे तुमच्यासारख्या रुग्णाने जाऊ नये, असं माझं मत आहे. शालाक्यतंत्रात एम.एस. केलेले वैद्य शोधा. आयुर्वेद महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हा विभाग असतो.

तरीही मूळ शोधायचंच असेल, आणि शोधायला हवंच, तर ते तुमच्या गिरणीत शोधा. चरकाने प्रतिश्यायाची कारणं सांगताना वेग अडवणं, अजीर्ण, धूळ, फार बोलणं, राग, ऋतूतले बदल, जागरण, अति झोप, थंड पाणी, दव, वाफ, धूर अशी मोठी यादी दिली आहे. त्यातली धूळ आणि धूर तुमच्या आठ-दहा तासांच्या कामात आहेत, आणि यंत्राच्या आवाजावरून ओरडून बोलणंही. पिठाच्या बारीक धुळीची अ‍ॅलर्जी हा बेकरी आणि गिरणी कामगारांचा ओळखीचा आजार आहे; आधी नाक धरतं, मग छाती. मिरचीची भुकटी अ‍ॅलर्जी नसतानाही नाक जाळते. सकाळ-संध्याकाळ कितीही काढे घेतले आणि दिवसभर तेच हुंगत राहिलात तर कोणत्याच पॅथीला यश येणार नाही.

म्हणून पैसा खर्च करायचा तर पहिला इथे करा. पीठ पडतं त्या तोंडाशी कापडी पिशवी घट्ट बांधलेली असावी, भिंतीला बाहेर हवा फेकणारा पंखा असावा आणि तुमची बसायची जागा त्याच्या वाटेत नसावी. रुमाल बांधून भागत नाही. चेहऱ्याला चिकटून बसणारा एन-95 मास्क वापरा आणि मिरची कांडपाच्या दिवशी तर त्याशिवाय आत जाऊ नका. झाडू मारल्याने खाली बसलेलं पीठ पुन्हा उडतं, ओल्या फडक्याने पुसा. मिरच्या भाजणं शेडबाहेर न्या. शक्य असेल तर काही आठवडे कांडपाचं काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावं आणि तुम्ही हिशेब, गिऱ्हाईक बघावं. सुट्टीत, माहेरी गेल्यावर नाक मोकळं होतं का, हे पत्रात नाही. ते आठवून बघा आणि डॉक्टरांना सांगा, निदानाला त्याचा फार उपयोग होतो.

काम संपल्यावर मिठाच्या पाण्याने नाक धुवा. जलनेती ही मुळात योगातली क्रिया, आयुर्वेदाच्या संहितांतली नव्हे; पण जुनाट सायनसमध्ये मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा उपयोग आधुनिक अभ्यासांतही दिसून आलाय, आणि तुमच्यासारखीला, जिच्या नाकात रोज पीठ बसतं, तो पहिल्या आठवड्यातच जाणवायला हरकत नाही. पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच. नळाचं, विहिरीचं, बोअरचं कच्चं पाणी नाकात घालायचं नाही. अशा पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत जातो. 2011 साली अमेरिकेतल्या लुइझियानात नेतीसाठी नळाचं पाणी वापरणारी दोन माणसं त्याने दगावली. अर्धा लिटर पाण्यात साधारण साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा चमचा काठोकाठ न भरता. पुढे वाका, तोंडाने श्वास घ्या, पाणी जोराने ओढू नका, आणि नंतर दोन्ही नाकपुड्या एकदम दाबून शिंकरू नका, नाहीतर कानात दडा बसतो. धुतल्यावर थोड्या वेळाने स्टिरॉइडचा स्प्रे: मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, टोक मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला. मोठ्याने हुंगू नका.

वैद्यांकडे काय होईल, तेही सांगते. ते आधी आम, म्हणजे नीट न पचलेला कच्चा दोष, आहे का बघतील. भूक, जिभेवरचा थर, शौच, कफ पातळ की घट्ट, हे प्रश्न तुम्हाला नाकाशी संबंध नसलेले वाटतील, पण आमचं सगळं गणित त्यावर असतं. कफ कच्चा असताना नस्याने तो ओढून काढायचा नसतो. आधी लंघन, पाचन, शेक, आणि तो पिकला की शिरोविरेचन, म्हणजे नस्याने डोक्यातला कफ बाहेर काढणं. पोकळ्या भरलेल्या, अग्नी मंद, अशा रुग्णात वसंतात वमनाचाही, म्हणजे औषधाने उलटी करवण्याचाही, विचार होतो. मात्र गावोगावच्या वासंतिक वमन शिबिरात छातीची तपासणी न करता तुम्ही बसू नये. पोटातून व्योषादि वटी, चित्रक हरीतकी अशी औषधं देतात. चित्रक हरीतकीच्या अवलेहात गूळ असतो, तेव्हा साखर काठावर असल्याचं आधी सांगा. खरं नस्य दवाखान्यात होतं: चेहऱ्याला तेल, शेक, मग मान थोडी मागे घेऊन कोमट औषध एकेका नाकपुडीत, आणि घशात उतरलेलं गिळायचं नाही, थुंकायचं. मात्रा दोन थेंबांपेक्षा बरीच जास्त असते. नस्यावर आपल्याकडे झालेले अभ्यास बहुतेक लहान आहेत, मिठाचं पाणी आणि स्टिरॉइड स्प्रे यांच्यामागचा पुरावा त्याहून भक्कम आहे. वारंवारची सर्दी आटोक्यात येणं, कफ सुटणं, भूक सुधारणं यात मला नस्य आणि पाचनाचा गुण दिसतो. मोठे पॉलिप त्यांनी विरघळतात असं मी रुग्णाला सांगत नाही.

खाण्यात बंधनांची लांबलचक यादी नको. रात्रीचं दही, शिकरण, फ्रीजचं पाणी बंद. गरम गरम कुळथाचं पिठलं किंवा कढण, मुगाचं कढण, लसूण, सुकवलेल्या मुळ्याचं सार, वर थोडं तूप. रात्रीचं जेवण आणि झोप यात अंतर. वाफारा दिवसातून एकदा पुरे, नुसत्या पाण्याचा. निलगिरी किंवा ओव्याने छाती भरत असेल तर टाळा.

तर ऑपरेशन? माझा सल्ला असा. डॉक्टरांकडे परत जा आणि मोकळेपणाने सांगा की स्प्रे आठवड्यात सोडला होता. ते रागावणार नाहीत, हे रोज घडतं. रात्रीचे थेंब कसे सोडवायचे ते विचारा. बरेचदा आधी एका नाकपुडीचे बंद करतात, मग दुसऱ्या. स्प्रे, नाक धुणं, गिरणीतले बदल आणि वैद्यांचं पाचन असे तीन महिने नेमाने करा, आणि मग दुर्बिणीने पुन्हा बघा. तेवढ्यात दम्याचंही निदान होऊन जाईल. सुधारणा असेल तर थांबायला वेळ आहे. नसेल तर ऑपरेशन करून घ्या, बिनदिक्कत. वास गेलेला असताना वर्षानुवर्षं वाट बघणं मला योग्य वाटत नाही. ऑपरेशनने आजार कायमचा जाईल असं समजू नका. त्याने वाट मोकळी होते आणि औषध आत पोचू लागतं. धुणं आणि स्प्रे पुढेही लागतात. जखमा भरल्यावर, सर्जनच्या संमतीने, नस्याला तेव्हा खरी जागा आहे, कारण तेव्हा ते पोचेल. आणि वास नाही तोवर गॅसचा पाइप, शेगडी, रात्रीचं सिलिंडर बंद करणं याची जबाबदारी घरातल्या दुसऱ्या कोणावर नेमून द्या.

असंच 'सायनस' घेऊन बसलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. डोकं अर्धं ठणकतं, उजेड नको वाटतो, मळमळतं, आणि नाकातून घट्ट पिवळं काही येत नाही, तर ते बहुधा सायनस नसून अर्धशिशी असते. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असं समजणाऱ्या जवळजवळ तीन हजार लोकांपैकी सुमारे 88 टक्क्यांची लक्षणं अर्धशिशीत बसली. आयुर्वेदातही अर्धावभेदक (अर्धशिशी) आणि उन्हाबरोबर चढणारा-उतरणारा सूर्यावर्त हे प्रतिश्यायापासून वेगळे मांडलेले आहेत. एकाच बाजूने घाण वासाचा स्राव येत असेल तर वरच्या दाढा दाखवा. किडलेल्या दाढेतून पोकळीत पू भरतो. एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल, वाकल्यावर पाण्यासारखं स्वच्छ गळत असेल, डोळ्याभोवती सूज, दुहेरी दिसणं, ताप आणि मान आखडणं, किंवा मधुमेह असताना गाल बधिर होणं, नाकातून काळपट खपली येणं, असं काही असेल तर काढा, नस्य, स्प्रे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

ताई, सीटीची फिल्म वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही दाखवा आणि एकाची औषधं दुसऱ्यापासून लपवू नका. ऑपरेशनची तारीख ठरलीच, तर भूलतज्ज्ञांना त्रिभुवनकीर्ती किती महिने घेतली ते सांगा, आणि त्या दुखण्याच्या गोळीचं नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फाइलच्या पहिल्या पानाला लावा.